हँडल सापडलं का?

बापू,

परवा तुझं तेरावं आटोपून साताऱ्याला परत आलो. तुझ्या घरी चार दिवस होतो. आल्यागेल्यांनी प्रवासाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, साखरेचं विचारलं. पण दारातून आत शिरताना "हँडल सापडलं का?" असं कुणी विचारलं नाही. पासष्ट वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. चपला काढता काढता मी सवयीनं क्षणभर थांबलोसुद्धा. मग समोर भिंतीवर हार घातलेला तुझा फोटो दिसला आणि आत गेलो.

लोकांना वाटायचं, ही दोघा भावांची काहीतरी जुनी गंमत असणार. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर लोक आशीर्वाद द्यायला येत होते, तू आलास आणि कानाशी लागून हेच विचारलंस. बायकोनं पहिल्याच दिवशी मला विचारलं की ते काय हरवलंय तुमचं. मी निवृत्त झालो त्या दिवशी तुझी तार आली, तिच्यात अभिनंदन नव्हतं, हँडल होतं. माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आलो, मुलानं फोन कानाला लावला, तर पलीकडून तू. पहिलं वाक्य तेच. आणि दर वेळी माझं उत्तरही तेच, "शोधतोय."

बापू, मी कधीच शोधत नव्हतो. हँडल माझ्याकडेच होतं. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात, टाकांच्या जुन्या डबीत. तुला हे सांगायचं राहून गेलं. दर वेळी सांगायचं ठरवून निघायचो आणि दर वेळी "शोधतोय" म्हणून मोकळा व्हायचो. त्याहून वाईट म्हणजे, तुला हे ठाऊक आहे की नाही, तू थट्टा करतोस की खरंच विचारतोस, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कधी ओळखता आलं नाही. ते आत्ता तुझ्या घरी कळलं. त्याचंही सांगतो, पण पेटीपासून सुरुवात करतो. यंत्र मधूनच समजावायला घेणाऱ्या माणसावर तू किती वैतागायचास, ते माझ्या लक्षात आहे.

ती पेटी दत्तूकाकानं आणली. माझा काका, तुझा मामा. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत तो कोठी सांभाळायचा. कुणी गोरं कुटुंब घाईनं विलायतेला परत गेलं आणि मुलाची पेटी मागे राहिली. काकाला स्वतःचं मूल नव्हतं, भाचा आणि पुतण्या एवढीच त्याची मिळकत. लढाई चालू होती. तिकडची खेळणी इकडे यायची कधीच बंद झाली होती. मे महिन्याच्या सुटीत तू आत्याबरोबर आजोळी, म्हणजे आमच्याकडे, आला होतास. आपण दोघं दहा-अकराचे. तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, आणि ते चार महिने तू मला शेवटपर्यंत विसरू दिले नाहीस.

झाकणावर एका मुलाचं चित्र होतं. भांग पाडलेला, गळ्यात टाय, समोर त्याच्याएवढी क्रेन. "हा खेळतोय का फोटो काढून घेतोय?" तू म्हणालास. आत भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या होत्या, लाल आणि हिरव्या. पितळेची चाकं, बारके बोल्ट, चौकोनी नट, ते आवळायचे दोन पाने. सगळ्याला तेलाचा एक थंड वास. मी अजून शिवणयंत्राचं तेल नाकाशी धरलं की तो मे महिना येतो. आणि त्या सगळ्यात एक हँडल होतं. म्हणजे काय, तर दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली बोटभर सळई. ती क्रेनच्या पायथ्याशी आरपार घालायची, तिच्यावर दोरी गुंडाळायची आणि फिरवायची. आकडा वर जातो. ते हँडल नसेल तर क्रेन म्हणजे नुसता खांब.

दुसऱ्याच दिवशी आपण भांडलो. तुला क्रेन करायची होती, मला पूल. मी तुझ्या दंडाला चावलो. पट्ट्या एवढ्याच होत्या की दोन्ही एकदम होत नव्हतं. आपल्या जागी दुसरी मुलं असती तर त्यांना दोन रट्टे बसले असते आणि पेटी माळ्यावर गेली असती. पण आपले आजोबा आप्पा होते. आप्पा दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार होऊन निवृत्त झालेले. तीस वर्षं भावाभावांचे वाटणीचे दावे बघून त्यांचं एक ठाम मत झालं होतं, की भाऊ वस्तूवरून भांडत नाहीत, वाटणी वेळेवर झाली नाही म्हणून भांडतात. त्यांनी चष्मा लावला, दौत मागवली आणि पेटीची वाटणी करायची ठरवली.

आत्या म्हणाली, "आप्पा, खेळणं आहे ते. फोडून दोघं काय खेळणार?"

"आज खेळणं आहे, उद्या जमीन असेल," आप्पा म्हणाले. "सवय आत्ताच लागलेली बरी."

मग रीतीप्रमाणे झालं. मोठ्यानं वाटे करायचे, धाकट्यानं उचलायचे. तू ओसरीवर पंचा पसरून दोन ढीग मांडलेस. पट्टीला पट्टी, चाकाला चाक. एक पट्टी जरा वाकलेली होती, तर तिच्या जोडीला दोन नट जास्त ठेवलेस. मी दोन्ही ढिगांभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि मला कुठलाच जड वाटेना, याचा मला रागच आला. त्या वयातही तू करशील ते मापात, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

वाटणी इथपर्यंत ठीक होती. पण आप्पांनी पुस्तकाचीही वाटणी केली. पेटीत एक इंग्रजी पुस्तक होतं, डाव्या पानावर जोडणी कशी करायची ते, समोर उजव्या पानावर चित्र. आप्पांनी टाचण्या काढल्या आणि एक कागद तुला, एक मला, असं मोजून वाटलं. झालं असं, की क्रेनचं चित्र माझ्याकडे आलं आणि जोडणीचं पान तुझ्याकडे. पवनचक्कीचं उलट. एकही वस्तू कुणाकडे पुरती राहिली नाही. कोर्टात बसून माणूस इतका न्यायी होतो की त्याला पुस्तक वाचायचं असतं हेही सुचत नाही, असं मी पुढे म्हणायचो.

राहता राहिलं हँडल. ते एकच. आप्पा म्हणाले, वस्तूचे तुकडे होत नसतील तर पाळी लावायची. आपल्या गावच्या देवळातली पूजा जशी चार घरांत फिरायची, तसं. मे ते दिवाळी एकाकडे, दिवाळी ते मे दुसऱ्याकडे. चिठ्ठी टाकली, पहिली पाळी माझी निघाली. हे सगळं कागदावर आलं, आपण दोघांनी सह्या केल्या. दत्तूकाकानं साक्षीदार म्हणून सही केली आणि आप्पांची पाठ वळताच आपल्याकडे बघून डोळा मारला.

तू अर्धी पेटी घेऊन सांगलीला गेलास आणि पोस्टकार्डं सुरू झाली. माझ्याकडचं चित्र तुला हवं, तुझ्याकडचं पान मला. मी क्रेनचं चित्र कार्डावर उतरवून पाठवलं. तुझं उत्तर आलं, मागून कशी दिसते ते कळव. आता चित्रात मागची बाजू नव्हतीच. मी दोन दिवस विचार करून ती मनानं काढली. चार दिवसांनी तुझं कार्ड आलं, की हँडलच्या जागी काडी घालून तसं करून पाहिलं, आकडा वर जायच्या ऐवजी क्रेन खाली येते, पुन्हा विचार कर. पुढं कॉलेजात मास्तर एकाच वस्तूचं समोरून, बाजूनं आणि वरून चित्र काढायला शिकवू लागले तेव्हा वर्गातली पोरं घामाघूम झाली. मी मात्र शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसलो होतो. हे शिक्षण माझं पोस्टकार्डावर झालं होतं.

ते दिवस चळवळीचे. जिल्ह्यात ठिकठिकाणी तारा तुटत होत्या, पोलिसांचे डोळे सगळीकडे. एकदा पोस्टमन तुझं कार्ड घेऊन थेट आप्पांकडे गेला. त्यावर तू पुलाची कमान काढली होतीस, कुठला बोल्ट कुठं ते बाणांनी दाखवलं होतंस. "शिरस्तेदारसाहेब, आवं पोरांस्नी सांगा, असली चित्रं उघड्या कार्डावर नगं," तो हळूच म्हणाला. आप्पांनी तुला लिहिलं. त्यानंतर तू प्रत्येक पुलावर एक मोर काढायला लागलास. पोस्टातल्या लोकांना ते लहान मुलाचं चित्र वाटावं म्हणून. मोर तुला अजिबात जमायचा नाही. कोंबडीच दिसायची.

दसऱ्याच्या आसपास तुझ्याकडून एक पाकीट आलं. आत सतारीच्या तारेचा तुकडा. मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन तू उरलेल्या तारांतून तो मागून आणला होतास, कारण सुतळी हँडलवर नीट बसत नाही असं मी कळवलं होतं. मी माझ्या अर्ध्या पट्ट्या, बांबूच्या कामट्या आणि एक खोक्याची फळी घेऊन क्रेन उभी केली. तिला तुझी तार लावली, हँडल घातलं. ओसरीवर आप्पा झोपाळ्यावर बसले होते, त्यांचा पानाचा डबा खाली जमिनीवर होता. मी आकडा डब्याच्या कडीत अडकवला आणि हँडल फिरवू लागलो. डबा उचलला गेला. हलत, फिरत, आप्पांच्या हातापर्यंत आला. आप्पांनी डबा घेतला, उघडला, त्यातली सुपारी तोंडात टाकली आणि मग हसले. आप्पांना हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. ते पुतळ्यासारखे गंभीर असायचे आणि त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अजून एकदा कर," म्हणाले.

दिवाळी चार दिवसांवर होती. पाळीप्रमाणे हँडल तुझ्याकडे जायचं होतं, दत्तूकाका भाऊबिजेला सांगलीला निघाला होता. आता माझं पाप ऐक.

आईनं खाकी कापडाची चिमुकली पिशवी शिवली. मी तिच्यात हँडल आणि वाकड्या पट्टीच्या जोडीला तू जास्त दिलेले दोन नट घातले, कारण ते मला नको होते आणि परत पाठवतो असं मी तुला कार्डावर कळवलं होतं. आईनं तोंड शिवून टाकलं. ती सुई ठेवायला आत गेली तेव्हा मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, पिशवीला भोक पाडलं आणि हँडल वळवत वळवत बाहेर काढलं. नट आतच राहिले, म्हणून हाताला पिशवी रिकामी वाटत नव्हती. काकानं ती कोटाच्या खिशात टाकली आणि मोटारीला गेला. मी हँडल इंग्रजीच्या पुस्तकाच्या कव्हरात सरकवलं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सफाईदार कारागिरी हीच असेल, असं मला पुढे किती वेळा वाटलंय.

मला वाटलं होतं, रस्त्यात पडलं म्हणतील आणि विषय संपेल. काकाचा मी विचारच केला नव्हता. काका परत आला तो चेहरा उतरलेला. कऱ्हाडला त्यानं मोटार बदलली होती. येताना तिथं उतरून त्यानं स्टँडवर विचारपूस केली, ड्रायव्हरला गाठून बाकाखाली वाकून पाहिलं, पानवाल्याला विचारलं. "पोरांची एकच तर वस्तू सांगितली होती मला," तो आईला म्हणाला. मी दारात उभा होतो. तेव्हा नुसतं आत जाऊन पुस्तक आणायचं होतं. मी गेलो नाही. आणि जसजसे दिवस गेले, तसतसं जाणं अवघड होत गेलं.

आठवड्यानं तुझं कार्ड आलं. रागाचा एक शब्द नाही. मोरही नाही. फक्त एक ओळ, "हँडल सापडलं का?"

शिमग्याला काका पुन्हा सांगलीला जाऊन आला आणि या वेळी आला तो शीळ घालत. "सापडलं रे," मला म्हणाला, "पिशवीच्या शिवणीत अडकलं होतं म्हणे. बापूनं दाखवलं मला, क्रेनला लावलंय." हँडल माझ्या पुस्तकात होतं आणि काका सांगत होता की ते सांगलीत फिरतंय.

मे महिन्यात तू आलास तेव्हा त्याचा उलगडा झाला. काका सुटीवर यायच्या आधीच तू मला परसात नेऊन ते दाखवलंस. सायकलच्या चाकाचा जुना आरा, दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेला. तुमच्या घराजवळ रामूमिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. मामा पानवाल्यालासुद्धा विचारत फिरतोय हे आत्याकडून कळल्यावर तू मिस्त्रीकडे गेलास. मिस्त्री म्हणाला होता, "ह्यो आरा घे, पर पयला वाकवलास की मोडंल. इस्तवात लाल कर, मग वाकीव. घाई न्हाई करायची गड्या, लोखंडाला येळ द्यावा लागतो." चार आरे मोडले, पाचवा जमला. पण आरा बारीक, भोकं मोठी, हँडल लुळं फिरायचं. मग तू जुन्या स्टोव्हच्या पितळी नळीचे दोन तुकडे कापून भोकांत बसवलेस, मिस्त्रीनं डाख देऊन ते पक्के केले. "मामाला सांगितलं, सापडलं म्हणून," तू म्हणालास. "तू काही बोलू नकोस." मी मान हलवली. तू माझ्याकडे बघून पुढे विचारलंस, "आणि तुला? तुला सापडलं का तिकडं कुठं?"

मी म्हणालो, "शोधतोय."

त्या दुपारी आपण दोन्ही अर्ध्या पेट्या ओसरीवर ओतल्या आणि पहिल्यांदा पुरी क्रेन उभी केली. आप्पांनी आऱ्याचं हँडल चष्म्याखाली धरून उलटंसुलटं पाहिलं, मग एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अस्सल नव्हे," म्हणाले, "पण नक्कल चांगली आहे." आणि पानाचा डबा स्वतःच पुढे सरकवला. बापू, तो सगळा मे महिना इतका सुंदर गेला की माझं मन मला खायला हवं होतं तेवढं खात नव्हतं. सकाळी क्रेन, दुपारी पूल, संध्याकाळी माहुलीला नदीत डुंबणं. हे लिहायला लाज वाटते, पण मी सुखात होतो.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तुझा पाय रामूमिस्त्रीच्या दुकानातून निघाला नाही. आत्या कपाळ बडवायची की पोरगं शिकून सवरून सायकली दुरुस्त करणार. तू इंजिनिअर झालास तरी हात काळेच राहिले. उसाचे चरक, नदीवरचे पंप, काहीही बिघडलं की लोक तुला बोलवायचे. मी कागदावर पूल काढत राहिलो. सरकारी नोकरीत मी काढलेल्या एका पुलाचं उद्घाटन होतं, तुला मुद्दाम बोलावलं, तर तू पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणालास, "तू आधी चालत पलीकडं जाऊन ये." सगळ्या साहेबलोकांसमोर मी गेलो आणि परत आलो. मग तू गाडी घातलीस.

एक वाद आपला मिटला नाही. मी म्हणायचो, आप्पांनी खेळण्याचा सत्यानाश केला. अख्खी पेटी दोघांच्या मध्ये ठेवली असती तर काय बिघडलं असतं? तू म्हणायचास, अख्खी पेटी मिळाली असती तर पुस्तकात होतं तेवढंच केलं असतं आपण, आणि पावसाळ्यापर्यंत कंटाळलो असतो. निम्मं नव्हतं म्हणून निम्मं करावं लागलं. मागच्या दिवाळीतही आपण यावर तासभर भांडलो, वहिनींचे दोन चहा झाले. मी तेव्हा हटलो नाही. आज हटतो. तुझं बरोबर होतं. मी ते कबूल करत नव्हतो, कारण त्या निम्म्यातलं एक मी चोरलं होतं आणि तुला ते करायला लागलं होतं, हे मला ठाऊक होतं.

या वेळी सांगलीला येताना ते हँडल खिशात घालून आलो होतो. तुझ्या फोटोपाशी ठेवावं, की नदीत सोडावं, काही ठरलं नव्हतं. तेराव्याची जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनी तुझ्या खोलीत कपाट आवरत होत्या, मी खुर्चीत बसलो होतो. कपाटावर तुझी क्रेन होती, वरचा निम्मा भाग डब्याच्या पत्र्याचा. मी खिशातून हँडल काढलं आणि वहिनींसमोर धरलं. म्हटलं, "वहिनी, हे बापूचं. मी लहानपणी चोरलं होतं. त्याला सांगायचं राहिलं."

वहिनींनी ते हातात घेतलं. त्यांना आश्चर्य वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच का ते. एवढंसंच आहे की. मला वाटायचं केवढं असेल."

मग त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक डबा काढला. आत आप्पांचा वाटणीचा कागद, माझी पोस्टकार्डं आणि ती खाकी पिशवी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तू त्यांना ती दाखवली होतीस. पिशवीचं भोक दिव्यासमोर धरून समजावलं होतंस, की कापड झिजतं ते खालच्या कोपऱ्यात, वजन तिथं येतं म्हणून. हे भोक मधोमध आहे. आणि धागे झिजलेले नाहीत, टोचून बाजूला सारलेत. हे तू अकराव्या वर्षी ओळखलं होतंस. पिशवी हातात पडली त्या दिवशी.

"मी विचारलं त्यांना," वहिनी म्हणाल्या, "की मग इतकी वर्षं भावजींना बोलला का नाही? तर म्हणाले, बोललो तर मग विचारायला काय उरलं?"

वहिनींनी पाणी आणून दिलं. मी रडलो, बापू, वयाला शोभणार नाही इतका, पण ते रडणं वाईट नव्हतं. पासष्ट वर्षं मी एकटा ओझं वाहतोय असं समजत होतो आणि तू दर भेटीत त्याचं एक टोक उचलत होतास. लग्नात, ऑपरेशनच्या खोलीत, टेलिफोनवर. तू हिशेब मागत नव्हतास, खुशाली विचारत होतास. आणि मला वाटायचं की तू टोचतोयस.

मग आम्ही क्रेन खाली काढली. म्हटलं, निदान आता तरी अस्सल हँडल जागेवर बसवू. आऱ्याचं हँडल ओढून काढलं आणि माझं घालायला गेलो तर जाईना. तू बसवलेल्या त्या पितळी नळ्या. आऱ्याच्या मापाच्या. तासभर खटपट केली असती तर नळ्या निघाल्या असत्या, पण तुझ्या त्या कामाला हात लावायची माझी छाती झाली नाही. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, भावजी. पाळी तुमच्याकडंच ठेवा." आऱ्याचं हँडल मी परत बसवलं, वहिनींची सुपारीची डबी आकड्याला अडकवली आणि फिरवलं. तुझ्या क्रेनलाही सतारीचीच तार, अजून तशीच आहे. डबी न अडखळता वर गेली आणि वहिनींनी ती हातात घेतली.

अस्सल हँडल पुन्हा माझ्या टेबलावर आहे. खणात नाही, वर, शाईच्या दौतीशेजारी. येणारा-जाणारा विचारतो, हे काय आहे, आणि मी सांगतो. आता सगळ्यांना सांगतो.

तू मात्र विचारलंस म्हणून उत्तर देतो. सापडलं रे, बापू. पण ते आता बसत नाही.